मधुमेही बोक्याचे रिपोर्ट: कोणती टेस्ट कशासाठी आणि डॉक्टरांशी काय बोलायचं?

शेपटीवाली
नमस्कार मंडळी. आमच्या ढब्बूला डायबेटीस निघालाय. वयस्कर बोका, नसबंदी झालेली, आधीपासूनच अंगाने भरलेला. घटाघटा पाणी प्यायचा, लिटर बॉक्समध्ये ओले गोळे केवढाले, आणि सारखं खायला मागून पण पाठीचं हाड हाताला लागायला लागलं म्हणून नेलं, तर रक्तात आणि लघवीत दोन्हीकडे साखर. आता सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन चालू आहे आणि पाणी पिणं बरंच कमी झालंय, खेळायला पण लागलाय थोडा.

अडचण अशी की फेरतपासणीला क्लिनिकमध्ये साखर ३४० आली आणि त्याच सकाळी घरी कानातून घेतलेली १९० होती. डॉक्टर म्हणाले डोस वाढवायचा विचार करू, पण त्याआधी फ्रुक्टोसामाइन, टी४, लघवीचं कल्चर आणि आयजीएफ-१ अशी यादी लिहून दिली. डॉक्टर चांगले आहेत, ऐकून घेतात, त्यांच्यावर शंका अजिबात नाही. पण मला यातलं काही कळत नाहीये आणि न कळता नुसती मान हलवून यायचं नाहीये. सगळ्या टेस्ट एकदम करतात का? आणि डोस वाढवायचा की नाही हे नक्की कशावरून ठरतं?

दोनबोके
ताई, आधी त्या ३४०बद्दल. मांजर घाबरलं की अड्रेनलिनमुळे साखर झपकन चढते, आणि मांजरांमध्ये हे माणसांपेक्षा किंवा कुत्र्यांपेक्षा फारच जास्त. डायबेटीस नसलेलं मांजरसुद्धा पिंजरा, गाडी, शेजारी भुंकणारा कुत्रा आणि वर सुई एवढं झाल्यावर ३००च्या पुढे जाऊ शकतं आणि ते उतरायला काही तास लागतात. म्हणून क्लिनिकमधल्या एका आकड्यावर कुणीच डोस वाढवू नये, आणि तुमच्या डॉक्टरांनी वाढवलेला नाहीये, आधी टेस्ट सांगितल्यात, हे मला फार आवडलं.

डोस ठरतो तो ग्लुकोज कर्व्हवर आणि मांजराच्या अवस्थेवर. कर्व्ह म्हणजे खाणं आणि इंजेक्शनच्या आधी एकदा मोजायचं, मग दर दोन तासांनी पुढच्या इंजेक्शनपर्यंत, साधारण बारा तास. त्यात सगळ्यात महत्त्वाचा असतो सगळ्यात खालचा आकडा. तो साधारण ८० ते १५०च्या मध्ये बसावा असं बघतात. तो आधीच १००ला टेकत असेल आणि तुम्ही इंजेक्शनच्या आधीचे ३०० बघून डोस वाढवला तर दुपारी साखर धाडकन खाली जाणार, आणि मांजराला जास्त साखरेपेक्षा कमी साखर लवकर मारते. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

लॅबवाला
लॅबमध्ये काम करतो, जनावरांचेच सॅम्पल बघतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, रक्त काढल्यावर ते तसंच ट्यूबमध्ये पडून राहिलं तर लाल पेशी साखर खात राहतात आणि आकडा तासागणिक खाली येतो. म्हणजे बाहेरच्या लॅबला पाठवलेल्या सॅम्पलमध्ये साखर खोटी कमी दिसू शकते. त्यासाठी फ्लोराइडची ट्यूब असते किंवा सिरम लगेच वेगळं करतात. क्लिनिकमध्ये विचारा की साखर तिथल्या तिथे मोजली की पाठवली, कुणाला राग येणार नाही, आम्हाला तर असं विचारणारी माणसं आवडतात.

दोन, तुमचं घरचं मीटर माणसांचं आहे की जनावरांचं? माणसाच्या रक्तात साखर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि लाल पेशी दोन्हीत वाटलेली असते, मांजरात ती जवळजवळ सगळी, ९० टक्क्यांच्या वर, प्लाझ्मातच असते. त्यामुळे माणसांचं मीटर मांजराची साखर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. शिवाय मांजराला अॅनिमिया असेल तर मीटरचा आकडा उलट वर सरकतो, म्हणून सीबीसीमधलं (रक्तपेशींच्या तपासणीतलं) हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती, ते बघितल्याशिवाय मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

शेपटीवाली
अरे बापरे, माणसांचंच आहे. मग १९० पण खरं नाही? आता काय, ते फेकून दुसरं घ्यायचं?

लॅबवाला
फेकायची गरज नाही. बरेच लोक माणसांच्या मीटरवर व्यवस्थित सांभाळतात, फक्त कायम तेच मीटर वापरायचं आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवायचं म्हणजे ते मर्यादा त्या हिशोबाने देतील. पुढच्या वेळी मीटर सोबत घेऊन जा, ते तिथे रक्त काढतील त्याच क्षणी त्याच रक्ताचा थेंब तुमच्या स्ट्रिपवर घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. त्यातून कळेल की ३४० आणि १९० मधला किती फरक मीटरचा आणि किती भीतीचा. फाईल एका देशातून दुसरीकडे नेत असाल तर युनिट पण बघा, काही लॅब एमएमओएल प्रति लिटर देतात, त्याला १८ने गुणलं की आपलं मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर येतं.

कुंदकळी
माझं थोडं वेगळं मत आहे. फ्रुक्टोसामाइन वगैरे पैसे घालवायची कामं आहेत. आम्ही घरी कान टोचून मोजतो, वही ठेवतो, डॉक्टर वही बघून डोस सांगतात, चिंगी मस्त आहे. ज्यांना घरी मोजता येतं त्यांना ही टेस्ट कशाला?

दोनबोके
कुंदकळी, घरी नियमित मोजणाऱ्यांना ती फार लागत नाही हे मान्य. पण सगळ्यांची मांजरं कान टोचू देत नाहीत. आमचा धाकटा बोका हात जवळ आणला की कपाटावर. त्याच्यासाठी फ्रुक्टोसामाइन हाच आधार आहे. साखर रक्तातल्या प्रथिनांना चिकटते, मुख्यतः अल्ब्युमिनला, आणि ते किती चिकटलंय ते ही टेस्ट मोजते. म्हणजे मागच्या एक-दोन, फार तर तीन आठवड्यांचा अंदाज. तासाभराच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून पहिल्यांदा निदान करताना ती फारच कामाची, की हा खरंच डायबेटीस आहे की नुसती घाबरल्याची साखर.

पण तिच्या मर्यादा पण ऐका. सरासरी पावसावरून कुठल्या दिवशी पूर आला ते कळत नाही, तसंच हे. दिवसभर १८०वर असणारं मांजर आणि ५० ते ३५० असं वरखाली करणारं मांजर यांचं फ्रुक्टोसामाइन सारखं येऊ शकतं, आणि दुसऱ्याला धोका आहे. म्हणून एकट्या फ्रुक्टोसामाइनवर डोस वाढवायचा नाही. मागच्या वेळेपेक्षा वर गेलं की खाली आलं एवढं बघायला ते चांगलं, आणि तेही एकाच लॅबमधून.

लॅबवाला
+१. आणि भर घालतो, अल्ब्युमिन कमी असेल किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर प्रथिनं लवकर लवकर बदलतात आणि फ्रुक्टोसामाइन खोटं कमी येतं. म्हणजे साखर बेफाम असून रिपोर्ट "छान कंट्रोल" म्हणणार. डॉक्टरांनी टी४ (थायरॉइड हॉर्मोनची टेस्ट) सोबत लिहिलाय त्यामागे हे पण एक कारण असणार.

निवांतक्षण
माणसांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) असतं तसं मांजराचं करत नाहीत का?

लॅबवाला
रोजच्या वापरात नाही. माणसांच्या टेस्ट तशाच्या तशा चालत नाहीत आणि मांजराच्या लाल पेशींचं आयुष्य पण वेगळं, माणसापेक्षा बरंच कमी. म्हणून फ्रुक्टोसामाइनच.

रानफूल
शेपटीवाली, टी४ आणि आयजीएफ-१ बद्दल मी लिहिते, कारण या दोन्हीतून आम्ही गेलोय.

थायरॉइड वाढलेल्या म्हाताऱ्या मांजराची लक्षणं बघा: खूप खातं, वजन उतरतं, खूप पाणी, खूप लघवी. डायबेटीसची पण हीच. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि थायरॉइड वाढलेलं असेल तर इन्शुलिन नीट काम करत नाही. आता गोची अशी की दुसरा मोठा आजार असला की टी४ खाली येतो, त्यामुळे साखर बेकाबू असताना केलेला टी४ "नॉर्मल" आला, विशेषतः नॉर्मलच्या वरच्या बाजूला आला, तर विषय संपला असं समजू नका. साखर जरा जागेवर आल्यावर परत करायचा का ते विचारा.

आयजीएफ-१ हा ग्रोथ हॉर्मोनचा माग काढायला असतो. काही मांजरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ असते, ती ग्रोथ हॉर्मोन जास्त सोडते, आणि त्यातून डायबेटीस होतो, त्याला अॅक्रोमेगाली म्हणतात. हे फार दुर्मिळ असेल असं वाटतं ना? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या लोकांनी २०१५ साली १,२२१ डायबेटिक मांजरांची तपासणी छापली, त्यात साधारण चारातल्या एकात आयजीएफ-१ १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर होतं. म्हणजे ही टेस्ट लिहिणारा डॉक्टर उगाच लिहीत नाहीये.

फक्त वेळ महत्त्वाची. आयजीएफ-१ यकृतात बनतं आणि त्यासाठी इन्शुलिन लागतं, म्हणून उपचार सुरू व्हायच्या आधी केलं तर खोटं कमी येऊ शकतं. इन्शुलिन सुरू होऊन साधारण सहा ते आठ आठवडे झाले की मग करतात. ढब्बूचं इन्शुलिन नवीनच असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "आत्ता केलं तर परत करावं लागेल का?"

आणि वजन बघा. साखर बेकाबू असताना मांजर वाळतं. साखर वर आहे, डोस वाढत चाललाय आणि तरी वजन वाढतंय, जबडा रुंद, पंजे मोठे दिसतायत, तर हा संशय फार पक्का होतो.

शेपटीवाली
रानफूल, किती छान समजावलंत. ढब्बूचं वजन आत्ता स्थिर आहे, इन्शुलिन नवीनच आहे. लघवीचं कल्चर कशाला ते पण सांगा ना कुणी, त्याला लघवीचा काहीच त्रास नाही.

रानफूल
त्रास दिसत नाही तरी जंतू असू शकतात, साखरेच्या लघवीत ते आवडीने वाढतात, आणि आत कुठेही इन्फेक्शन असलं, तोंडात हिरड्या सुजलेल्या असल्या तरी, इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. लिटरमधून गोळा केलेली लघवी कल्चरला चालत नाही, डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून काढतात, ऐकायला भयंकर वाटतं पण मांजरं शांत राहतात, सोनोग्राफी लावून तर अगदी पटकन होतं. मात्र कल्चरमध्ये जंतू आले म्हणजे लगेच अँटिबायोटिक असंही नाही. मांजराला काही लक्षण नसेल तर बरेच डॉक्टर आता देत नाहीत. तेव्हा रिपोर्ट आल्यावर "याला औषध लागणार का आणि का" एवढं विचारा.

घरी गोळा केलेली लघवी साखर आणि केटोन (इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) बघायला मात्र उत्तम. न शोषणारे दाणे मिळतात लिटरसाठी, ते टाकायचे.

दोनबोके
केटोनचा विषय निघालाच आहे तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे वाचा. डायबेटिक मांजर खायचं थांबलं, उलट्या करतंय, मलूल पडलंय, तोंडाला विचित्र गोडसर वास येतोय, तर पट्टीवर केटोन बघा आणि पॉझिटिव्ह असो वा नसो, डॉक्टरांना फोन करा. केटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे केटोन साठून रक्त आम्लधर्मी झालं की, तास मोजले जातात. लघवीची पट्टी एकाच प्रकारचे केटोन पकडते, सुरुवातीला जे जास्त असतात ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाहीत, ते रक्ताच्या केटोन मीटरवर दिसतात. म्हणून पट्टी निगेटिव्ह आणि मांजर आजारी, तर मांजराचं ऐकायचं.

निवांतक्षण
आमच्या डॉक्टरांनी गोळी/लिक्विडवाल्या नव्या औषधाबद्दल सांगितलं, इंजेक्शनच नको. मग या सगळ्या टेस्ट वाचतील ना?

दोनबोके
उलट वाढतील. ही औषधं, म्हणजे बेक्सॅग्लिफ्लोझिन (अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये मान्यता) आणि वेलॅग्लिफ्लोझिन (२०२३), किडनीतून साखर लघवीत सोडून देतात. काही मांजरांसाठी खरंच वरदान आहेत. पण शरीरात इन्शुलिनच कमी असेल तर रक्तातली साखर नॉर्मल दिसत असताना केटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणून सुरू करायच्या आधी लिव्हर, किडनी, पँक्रियाज, केटोन सगळं बघतात आणि सुरू केल्यावर लवकर लवकर परत बघतात. लघवीत साखर तर येणारच, ती औषधाचीच असते, त्यावरून कंट्रोल कळत नाही. आणि आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत, तसं त्यांच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच लिहिलंय. म्हणजे ढब्बूसाठी हा रस्ता नाही.

कुंदकळी
आयजीएफचं मला माहीतच नव्हतं, चिंगीच्या डॉक्टरांना विचारते, तिचा डोस सारखा वाढतोय. पण शेपटीवालीचा प्रश्न राहिलाच की, सगळं एकदम करायचं का?

रानफूल
माझं ठाम मत आहे की प्रत्येक टेस्टच्या नावापुढे डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा, "हा रिपोर्ट असा आला तर आपण काय करणार आणि तसा आला तर काय वेगळं करणार?" दोन्ही बाजूंनी उत्तर एकच असेल तर ती टेस्ट आज नको. याने डॉक्टरांना उलट मदत होते, कारण आपली ताकद किती, मांजर किती हाताळू देतं, हे त्यांना कळतं आणि ते क्रम लावून देतात. आमच्याकडे असंच झालं, साधी पॅनल (किडनी, लिव्हर वगैरेंची नेहमीची रक्ततपासणी) आणि लघवी आधी, टी४ त्याच रक्तातून, आणि आयजीएफ नंतरच्या तारखेला. एकाच वेळी काढलेल्या रक्तात जेवढं होईल तेवढं करून घ्या, मांजराला परत परत पिंजऱ्यात घालायला नको.

साध्या पॅनलचं महत्त्व कमी समजू नका. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं दिसलं तर ते पाणी कमी पडल्याने की किडनीमुळे, हे लघवीच्या स्पेसिफिक ग्रॅव्हिटीशिवाय (लघवी किती दाट आहे त्याशिवाय) सांगता येत नाही, आणि लघवीत साखर असली की तो आकडा पण थोडा वर ढकलला जातो. पोटॅशियम बघा. एएलटी (लिव्हरचं एन्झाइम) आणि कोलेस्टेरॉल डायबेटिक मांजरात बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि साखर सुधारली की तेही उतरतं, ते बघून लगेच लिव्हर गेलं असं समजू नका. पण मांजर खात नसेल आणि लिव्हरचे आकडे वर असतील तर ती गोष्ट गंभीर.

आणि कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या झाल्या असतील, खाजेसाठी, हिरड्यांसाठी, तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं असलं तरी. लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने मांजराला डायबेटीस होऊ शकतो आणि असलेला बेकाबू होतो.

लॅबवाला
रक्त द्यायला जाताना उपाशी न्यायचं की खायला घालून, इंजेक्शन द्यायचं की नाही, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. उपाशी मांजराला नेहमीचा डोस टोचून आणू नका. भरल्या पोटी रक्त दुधाळ आलं तर काही आकडे बिघडतात हे खरं, पण डायबेटिक मांजराला स्वतःच्या मनाने उपाशी ठेवण्यापेक्षा दुधाळ सॅम्पल परवडलं. फार घाबरणारं मांजर असेल तर निघायच्या आधी द्यायची शांत करणारी गोळी डॉक्टर लिहून देतात, ते विचारा.

आणि सिरिंज! लेबल बघा. काही इन्शुलिन यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतात, काही यू-१००, सिरिंज पण त्याच नंबरची लागते. यू-४०ची सिरिंज यू-१०० इन्शुलिनला वापरली तर अडीचपट डोस जातो. साखर अचानक विचित्र वागायला लागली की टेस्टच्या आधी सिरिंज आणि इन्शुलिनची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, टोचण्याची पद्धत त्यांच्यासमोर करून दाखवा.

शेपटीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आले. मीटर घेऊन गेले, एकाच थेंबाचे आकडे त्यांचं २९६ आणि आमचं २४८, म्हणजे मीटरचा फरक आहेच आणि क्लिनिकची भीती पण आहे. डॉक्टरांनी घरची वही नीट बघितली, म्हणाले दुपारच्या वेळा रिकाम्या आहेत, सगळ्यात खालचा आकडा आपल्याकडे नाहीच. म्हणून डोस आहे तोच, आधी घरी पूर्ण कर्व्ह. आज रक्तातून पॅनल, टी४ आणि फ्रुक्टोसामाइन, लघवी सुईने काढून कल्चरला. आयजीएफ पुढच्या फेरीला, त्यांनी स्वतःच सांगितलं की आत्ता करणं घाईचं होईल. रानफूलचा प्रश्न मी प्रत्येक टेस्टला विचारला आणि ते खुर्ची ओढून बसलेच समजावायला.

कर्व्हच्या दिवशी ढब्बू कान किती वेळा देईल याची काळजी वाटते.

दोनबोके
कान आधी हाताने किंवा कोमट कापडाने गरम करा, कडेच्या शिरेजवळ टोचा, मागे कापसाचा बोळा धरा, आणि दर वेळी लगेच त्याला आवडतं ते काहीतरी, पण डॉक्टरांना चालणारं. खूपच वैतागला तर चिकटवायच्या सेन्सरबद्दल विचारा, फ्रीस्टाइल लिब्रे मांजरांवर लावतात, दोन आठवड्यांपर्यंतचे आकडे देतो. तो मात्र त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या थोडा मागे असतो, म्हणून फार कमी आकडा दाखवला तर कानातून एकदा खात्री करा. पण मांजर लडखडत असेल तर खात्री करत बसू नका, हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी चोळा, तोंडात ओतू नका, आणि निघा.

आणखी एक. खाणं बदललंय ना त्याचं? कर्बोदकं कमी झाली की काही मांजरांची इन्शुलिनची गरज भरभर उतरते, काहींचं तर इन्शुलिन बंदही होतं. म्हणून इंजेक्शनच्या आधी रोज मोजा, आणि तुमच्या मीटरवर किती आकड्याच्या खाली इंजेक्शन द्यायचं नाही ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

शेपटीवाली
ते आजच विचारलं, त्यांनी दोन मीटरचा फरक धरून आकडा काढून दिला. त्याच्या खाली असेल तर न टोचता आधी फोन करायचा, रात्रीचा नंबर पण दिलाय. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. कर्व्ह रविवारी करणार, कल्चरचा रिपोर्ट आला की इथे टाकते.